फादर डेमियन : एकाच वाडग्यातला घास

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो. तरी यंदा मराठी विभागासाठी लिहायचंच असं ठरवलं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याची पहिली ओळख मला त्याच कॉन्व्हेंटमध्ये झाली. सहावीत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरनी फादर डेमियन यांचा धडा शिकवला होता. धड्यात काळा झगा घातलेल्या, चष्मा लावलेल्या एका पाद्र्याचं चित्र होतं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला. उत्तर पाठ होतं, ते लिहून टाकलं आणि विषय संपला.

तो संपला नव्हता हे मला इथे होस्टेलवर आल्यावर कळलं. ते कसं, ते शेवटी सांगते. आधी गोष्ट.

बेल्जियममध्ये ट्रेमेलो नावाचं एक छोटं गाव आहे. ३ जानेवारी १८४० रोजी तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जोसेफ द व्हस्टरचा जन्म झाला. हेच पुढचे फादर डेमियन. घर देवाधर्माचं. पोरगा अंगाने दणकट आणि कामाला वाघ. याने आपला धंदा सांभाळावा असं वडिलांना वाटायचं. व्यापाराला फ्रेंच भाषा लागते म्हणून त्यांनी त्याला फ्रेंच शिकायला दुसऱ्या गावी ठेवलं. (आपल्याकडे पुढे उपयोगी पडेल म्हणून पोरांना इंग्लिश मीडियममध्ये घालतात, अगदी तसंच!) पण पोराच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याचा मोठा भाऊ पॅम्फिल ल्यूव्हेन शहरातल्या मठात दाखल झाला होता. १८५९ मध्ये एकोणीस वर्षांचा जोसेफही त्याच मठात गेला. तिथे त्याने डेमियन हे नाव घेतलं.

मठात तो काही हुशार विद्यार्थ्यांत मोडत नव्हता. याचं शिक्षण कमी, याला धर्मगुरू होता येणार नाही असं वरिष्ठांचं मत होतं. मग भावाने त्याला लॅटिन शिकवलं, यानेही रात्री जागून अभ्यास केला आणि वरिष्ठांना आपलं मत बदलावं लागलं. पुढे १८६३ मध्ये पॅम्फिलला हवाई बेटांवर धर्मप्रचारासाठी पाठवायचं ठरलं. पण टायफसच्या रुग्णांची सेवा करता करता तो स्वतःच आजारी पडला. डेमियनने काय करावं? आपल्या मठातल्या वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला, सगळ्यात वरच्या माणसाला पत्र लिहिलं, की भावाच्या जागी मला पाठवा. म्हणजे एचओडींना ओलांडून एकदम डायरेक्टरांकडे अर्ज! आणि तो चक्क मंजूर झाला. जवळपास पाच महिने जहाजातून प्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूला उतरला आणि दोनच महिन्यांत तिथल्या चर्चमध्ये धर्मगुरू झाला. वय वर्षं फक्त चोवीस. नंतरची नऊ वर्षं त्यांनी हवाई नावाच्या मोठ्या बेटावर काढली. लाव्हाच्या खडकांतून घोड्यावरून फिरायचं, स्थानिक भाषा शिकायची आणि हातात करवत-हातोडी घेऊन स्वतः चर्च बांधायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

आता थोडं त्या बेटांविषयी, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही.

त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. युरोप-अमेरिकेच्या जहाजांबरोबर तिथे देवी, गोवर असे रोग आले. तिथल्या लोकांच्या शरीराला या रोगांची काहीच सवय नव्हती, त्यामुळे माणसं पटापट मेली. मग कुष्ठरोग पसरू लागला. त्यावर तेव्हा औषध नव्हतं आणि तो कशाने होतो हेही कुणाला माहीत नव्हतं. राजा कामेहामेहा पाचवा याच्या काळात १८६५ मध्ये कायदा झाला, की कुष्ठरोग झालेल्या माणसाला पकडून कायमचं वेगळं ठेवायचं. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेला समुद्रात घुसलेला जमिनीचा एक तुकडा निवडला गेला. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळ उभे कडे, काही ठिकाणी तर तीन हजार फुटांपर्यंत उंच. कुंपण घालायची गरजच नव्हती. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण तिथे कालावाओ या ठिकाणी उतरवण्यात आले. हा कायदा पुढे शंभरहून जास्त वर्षं, म्हणजे १९६९ पर्यंत, चालला आणि तेवढ्या काळात सुमारे आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली. त्यातले बहुतेक मूळचे हवाईयन.

हवाईयन लोकांनी या रोगाला एक नाव दिलं होतं. त्याचा अर्थ होतो ताटातूट करणारा आजार. मला हे नाव वाचून काटा आला. रोगाचं नाव चट्ट्यांवरून नाही, झडलेल्या बोटांवरून नाही, तर ताटातुटीवरून!

पण त्याच भाषेत आणखी एक शब्द होता, कोकुआ. म्हणजे मदतीला धावणारा. रोग झालेल्या माणसाबरोबर त्याची बायको, नवरा, आई किंवा मुलगा धडधाकट असूनही त्या वस्तीत राहायला यायचे. स्वयंपाक करायचे, जखमा धुवायचे. अशांना कोकुआ म्हणत. आणखी एक गोष्ट आमच्या धड्यात नव्हती. धडा वाचून असं वाटायचं की फादर डेमियन येईपर्यंत तिथे नुसता नरक होता आणि त्यांनी येऊन सगळं केलं. खरं तर वस्ती सुरू झाली त्याच वर्षी, १८६६ मध्ये, पस्तीस रुग्णांनी मिळून आपलं स्वतःचं प्रोटेस्टंट चर्च स्थापन केलं होतं. सिलोआमा त्याचं नाव. सरकारने ज्यांना मरायला टाकलं होतं, त्यांनी आल्या आल्या एकमेकांना धरून राहायची सोय केली होती. फादर डेमियन यांचं मोठेपण कमी करायला मी हे लिहीत नाही. ते कुणा मुक्या बिचाऱ्यांचे तारणहार म्हणून गेले नव्हते, ते एका समाजात सामील झाले, एवढंच मला म्हणायचंय.

अर्थात परिस्थिती भयानक होतीच. रुग्णांनी शेती करून स्वतःचं पोट भरावं अशी सरकारची कल्पना होती. ज्यांची बोटं गळून पडली आहेत त्यांनी नांगर कसा धरायचा, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पुरेशी घरं नव्हती, पाणी लांबून आणावं लागे, डॉक्टर क्वचित फिरकत. काही जण झाडाच्या मुळापासून दारू गाळून त्यात दुःख बुडवत. दुबळ्यांना कुणी वाली नव्हता.

कॅथलिक रुग्णांसाठी एक धर्मगुरू हवा होता. बिशपने विषय काढला तेव्हा फादर डेमियन पुढे झाले. आळीपाळीने चार जणांनी थोडे थोडे महिने जायचं अशी योजना होती. १० मे १८७३ रोजी बिशप त्यांना घेऊन कालावाओला आले. तेव्हा वस्तीत सहाशेच्या आसपास रुग्ण होते. फादर डेमियन तेहतीस वर्षांचे होते. राहायला घर नव्हतं म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी चर्चशेजारच्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. पाळी संपायच्या आतच त्यांनी कळवून टाकलं, की मला इथेच राहू द्या.

योगायोग बघा. त्याच १८७३ साली तिकडे नॉर्वेत हॅन्सन नावाच्या डॉक्टरने मायक्रोस्कोपखाली या रोगाचा जंतू शोधून काढला. एकीकडे एक माणूस रोगाचं कारण शोधत होता आणि दुसरीकडे एक माणूस रोग्यांकडे चालत गेला होता. दोघांनी एकमेकांचं नाव तरी ऐकलं असेल का, कोण जाणे. पण पुढे हा रोग जो आटोक्यात आला त्याला हे दोन्ही रस्ते लागले, असं मला वाटतं.

पहिल्यांदा फादर डेमियन यांनाही त्रास झालाच. कुजलेल्या जखमांच्या वासाने त्यांना चर्चमध्ये उभं राहवत नसे. तो वास मारायला ते पाइप ओढायला लागले. म्हणजे हा माणूस काही जन्मतःच संत नव्हता, आपल्यासारखंच त्यांनाही मळमळायचं. फरक एवढाच की मळमळलं तरी ते उठून गेले नाहीत.

मग कामाला सुरुवात झाली. आपल्याला वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा एक जॉब पूर्ण करताना नाकी नऊ येतात. त्यांनी रुग्णांना बरोबर घेऊन घरं बांधली, चर्च वाढवलं, अनाथ मुला-मुलींसाठी वसतिगृहं उभी केली. जे रुग्ण अजून धड होते त्यांच्या मदतीने वस्तीपर्यंत पाण्याचे नळ टाकले. आजच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन, मटेरियल, लेबर सगळं एकाच माणसाकडे, आणि बजेट जवळजवळ शून्य. त्याआधी मेलेल्यांना नुसतं चादरीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरत. फादर डेमियन यांनी स्वतः शेकडो शवपेट्या तयार केल्या आणि दफनभूमीला कुंपण घातलं. मेल्यावर तरी माणसासारखं पोचवलं जाईल, एवढी खात्री जिवंत माणसाला केवढा धीर देत असेल! त्यांनी गायकांचा संच उभा केला, बँड बसवला. वाद्य वाजवायला ज्यांची बोटं पुरत नव्हती त्यांनीसुद्धा त्यात भाग घेतला.

पण माझ्या मते त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट बांधकामात मोजता येत नाही. हवाईयन लोकांचं मुख्य अन्न म्हणजे पोई. अळूच्या जातीचा कंद वाफवून, कुटून केलेली चिकट लापशी. ती सगळ्यांनी एकाच वाडग्यात बोटं घालून खायची पद्धत. बाहेरून येणारे लोक रुग्णांपासून चार हात लांब उभे राहून बोलायचे. फादर डेमियन मात्र त्यांच्याबरोबर बसून त्याच वाडग्यातली पोई खायचे. आपला पाइपही त्यांना ओढायला द्यायचे. जखमा स्वतः धुऊन बांधायचे. वस्तीत येऊन सहा महिने झाल्यावर भावाला लिहिलेल्या पत्रातच त्यांनी स्वतःला कुष्ठरुग्णांमधला एक म्हणून धरलं होतं. तेव्हा त्यांना रोग झालेलाही नव्हता. त्यांच्या बोलण्यात तुम्ही आणि मी असं नसायचं, आपण असायचं.

आता त्यांचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर हा लेखसुद्धा पाच मार्कांचं उत्तर होईल. फादर डेमियन तापट होते, हट्टी होते. दारूचे अड्डे दिसले की काठी घेऊन धावायचे. वरिष्ठांना खरमरीत पत्रं लिहायचे, त्यामुळे त्यांच्याबरोबर काम करायला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे खटके उडायचे. आणि त्या काळच्या कितीतरी पाद्र्यांसारखंच त्यांनाही वाटायचं की आपलाच पंथ खरा. प्रोटेस्टंट आणि मॉर्मन लोक वाट चुकलेले आहेत. किती जणांना आपल्या पंथात आणलं याचा हिशेब ते ठेवायचे. म्हणजे पूर्वग्रह त्यांच्यातही होते.

इथेच मला जोनाथन नापेला या माणसाबद्दल सांगायचंय. नापेला हवाईयन होते, न्यायाधीश होते आणि पक्के मॉर्मन होते. त्यांच्या पंथाचा ग्रंथ हवाईयन भाषेत आणायला त्यांनी मदत केली होती. त्यांच्या पत्नीला, किटीला, कुष्ठरोग झाला. कायद्याने तिला एकटीलाच जावं लागलं असतं. पण नापेला धडधाकट असताना कोकुआ म्हणून तिच्याबरोबर त्याच १८७३ साली वस्तीत आले. तिथल्या मॉर्मन लोकांचे ते पुढारी आणि फादर डेमियन कॅथलिकांचे. कागदावर दोघं प्रतिस्पर्धी! पण दोघांची मैत्री जमली. दोघांनाही एकमेकांचा धर्म पटत नव्हता आणि दोघांनाही समोर एकच काम दिसत होतं. पुढे नापेलांनाही रोग झाला. १८७९ मध्ये ते गेले आणि त्याच महिन्यात किटीही गेली. आमच्या धड्यात नापेलांचं नाव नव्हतं. असायला हवं होतं.

बाहेरच्या जगाची भीती मात्र तशीच होती. फादर डेमियन यांनीही वस्तीबाहेर पडायचं नाही असा हुकूम आरोग्य मंडळाने काढला. कॅथलिक धर्मगुरूला वेळोवेळी दुसऱ्या धर्मगुरूसमोर आपल्या चुकांची कबुली द्यावी लागते. असं सांगतात, की एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, पण कॅप्टनने त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही आणि फादर डेमियन यांना बोटीवर चढू दिलं नाही. मग यांनी छोट्या होडीत उभं राहून, बोटीवरच्या वरिष्ठांकडे बघत, आपली पापं मोठ्याने ओरडून सांगितली. इतरांना कळू नये म्हणून फ्रेंचमध्ये! वडिलांनी धंद्यासाठी शिकवलेली फ्रेंच अशी कामाला आली.

डिसेंबर १८८४. फादर डेमियन दमून आले होते आणि पाय शेकायला त्यांनी पाय गरम पाण्यात घातले. कातडीला फोड आले, पण चटका जाणवलाच नाही. कुष्ठरोगात नसा मरतात, संवेदना जाते. हे लक्षण त्यांनी शेकडो जणांत पाहिलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांना ते कळलं असणार. अकरा वर्षं ज्याला ते आपण म्हणत होते, ते आता शरीरानेही खरं झालं.

आणि मग पूर्वग्रह म्हणजे काय हे त्यांना स्वतःला अनुभवावं लागलं. कुष्ठरोग हा सिफिलिसचाच पुढचा टप्पा आहे, असं तेव्हा काही डॉक्टरसुद्धा मानत. मग लोकांच्या मनात शंका, की हा ब्रह्मचारी पाद्री, याला रोग झाला कसा? ज्याने सगळं आयुष्य दिलं त्याच्या चारित्र्यावर बोट! होनोलुलूला येऊ नकोस, असं त्यांच्या स्वतःच्या वरिष्ठांनी त्यांना कळवलं. त्यांना सगळ्यात जास्त हे लागलं असावं. परके लोक घाबरतात हे समजू शकतं, पण आपलेच लोक?

गंमत अशी, की मदत आली ती भलत्याच दिशेने. लंडनमधले ह्यू चॅपमन हे प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री. त्यांनी फादर डेमियन यांच्याबद्दल वाचलं आणि आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा करून पाठवली. जोसेफ डटन नावाचा अमेरिकन यादवी युद्धातला एक सैनिक १८८६ मध्ये आला आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं वस्तीत राहिला. १८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्लिश चित्रकार आला. तोही कॅथलिक नव्हता. त्याने बरोबर गर्जन तेल आणलं होतं. या तेलाची माहिती त्याला आपल्या भारतात मिळाली होती. अंदमानात ते कुष्ठरुग्णांवर वापरून पाहिलं जात होतं. त्या तेलाने रोग बरा झाला नाही, पण इतक्या लांबून कुणीतरी ते घेऊन आलं, याची किंमत वेगळीच असणार.

१८८८ च्या नोव्हेंबरात मदर मॅरियन कोप आपल्या दोन सिस्टरना घेऊन वस्तीत राहायला आल्या. यांच्याबद्दल इंजिनियरिंगच्या मुलांनी नक्की वाचावं. त्यांनी प्रेमाला शिस्तीची जोड दिली. स्वच्छता, हात धुणं, नियम. फादर डेमियन यांनी स्वतःला कधीच जपलं नाही. मदर मॅरियन यांनी आपल्या सिस्टरना जपलं आणि त्यांच्यापैकी एकीलाही हा रोग झाला नाही. माया करायची म्हणजे साबण विसरायचा असं नाही. आणि उलटंही खरं, हातात साबण आहे म्हणून माया विसरायची नाही.

१५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, फादर डेमियन गेले. ज्या झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या होत्या त्याच्याच सावलीत त्यांना पुरलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. होनोलुलूत चार्ल्स हाइड नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. शिकलेले, प्रतिष्ठित. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी एका ओळखीच्या पाद्र्याला पत्र लिहिलं, की डेमियन हा घाणेरडा, हेकट माणूस होता, वस्तीतल्या सुधारणा सरकारने केल्या आणि हा रोग त्याने आपल्या वाईट वागण्याने ओढवून घेतला. ते पत्र पेपरात छापून आलं. ते ज्याच्या वाचनात आलं तो माणूस म्हणजे ट्रेझर आयलंडचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन! फादर डेमियन गेल्यानंतर काही आठवड्यांतच तो वस्तीत आठवडाभर राहून आला होता आणि तिथल्या आजारी मुलींबरोबर खेळला होता. स्टीव्हन्सन स्वतः प्रोटेस्टंट घरातला, म्हणजे हाइड यांच्याच बाजूचा. पण लहानपणापासून छातीच्या आजाराने बेजार असलेला. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. फेब्रुवारी १८९० मध्ये त्याने सिडनीहून हाइड यांना जाहीर पत्र लिहिलं. त्यात फादर डेमियन यांचे दोष त्याने लपवले नाहीत, उलट एकेक करून मान्य केले. आणि मग हाइड यांना विचारलं, की तो घाणीत उतरला तेव्हा तुम्ही कुठे होतात? शब्द माझे आहेत, अर्थ त्याचा. आज हाइड यांचं नाव जगाला आठवतं ते बहुतेक या एका पत्रामुळेच.

हाइड आणि फादर डेमियन दोघंही एकाच येशूला मानणारे, दोघांच्या हातात एकच बायबल. एकाला त्यातून बोट दाखवायचं बळ मिळालं, दुसऱ्याला हात पुढे करायचं. म्हणजे श्रद्धा चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमची श्रद्धा तुम्हाला समोरच्या आजारी माणसाच्या जवळ नेते की लांब, एवढंच बघायचं. हे मला कुठल्या धड्याने नाही, या दोघांच्या पत्रांनी शिकवलं.

पुढचं थोडक्यात. १९३६ मध्ये त्यांचा देह बेल्जियमला नेला. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात परत आणून कालावाओच्या जुन्या थडग्यात ठेवला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं, आणि २०१२ मध्ये मदर मॅरियन यांनाही. फादर डेमियन आणि जोसेफ डटन यांच्या नावाने कुष्ठरोगावर काम करणाऱ्यांना एक पुरस्कार दिला जाऊ लागला. १९८३ मध्ये तो मिळाला आपल्या बाबा आमटेंना. वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबांनी आनंदवन उभं केलं, तेही रुग्णांच्याच हातांनी. एक बेल्जियमचा पाद्री, एक विदर्भातला वकील. धर्म वेगळे, शतक वेगळं, पण विचार एकच, की रुग्णाला भीक नको, त्याला आपल्यात जागा हवी.

आणि आज? आज कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेऊन पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्या भारतात असतात आणि कितीतरी जण लोक काय म्हणतील म्हणून चट्टा लपवतात. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागायची तरतूद आपल्या कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडलं. जंतू मारायचं औषध कधीच सापडलंय. ताटातूट करणारा आजार मात्र अजून शिल्लक आहे.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते. फर्स्ट इयरला माझ्या रूममेटला सोरायसिस होता. कोपरांवर, पाठीवर लाल चट्टे, कातडीचे पापुद्रे. ती उन्हाळ्यातही फुल स्लीव्हज घालायची. हा आजार वर्षानुवर्षं चालतो पण संसर्गजन्य अजिबात नाही, स्पर्शाने पसरत नाही. हे तिने आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि तरी तिच्यानंतर बाथरूममध्ये जायला मुली टाळायच्या. मी त्यांना नावं ठेवायचे. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं, की दोरीवरचा माझा टॉवेल मी रोज तिच्या टॉवेलपासून थोडा थोडा लांब सरकवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही कळलं नव्हतं. तिला मात्र कळलं होतं, कारण पुढे ती आपला टॉवेल खिडकीच्या गजाला वाळत घालायला लागली.

तेव्हा मला सहावीतलं ते चित्र आठवलं. पाच मार्क पूर्ण मिळवलेल्या मुलीला एक टॉवेल जागेवर ठेवता आला नव्हता.

आपल्यापैकी कुणाला मोलोकाईला जायचं नाहीये. आपल्याला सबमिशन आहेत, बॅकलॉग आहेत, प्लेसमेंट आहे. पण प्रत्येक होस्टेलमध्ये कुणीतरी असतं, जे इन्सुलिनचं इंजेक्शन बाथरूममध्ये लपून घेतं, फिट येते हे कुणाला सांगत नाही, औषधाच्या पाकिटावरचं नाव खरवडून टाकतं. त्यांना आपली दया नको असते. आपण दोन इंच लांब सरकलो की त्यांना ते कळतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

हा लेख द्यायच्या आधी मी तिला वाचायला दिला, कारण त्यातली गोष्ट तिची आहे. तिने छापायला हो म्हटलं आणि शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढून दिल्या. टॉवेलबद्दल काहीच बोलली नाही. त्या रात्री मेसमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. तिच्या घरून आलेलं कैरीचं लोणचं तिच्या ताटात होतं. मी न विचारता त्यातली फोड उचलली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग अख्खी बरणीच माझ्याकडे सरकवली.